चक्रांमध्ये प्राणी कुठून आले? मूलाधारातल्या हत्तीपासून 'टोटेम ध्याना'पर्यंत

"डोळे मिटा. छातीच्या मध्यभागी लक्ष न्या. तिथे राहणाऱ्या प्राण्याला समोर यायला सांगा."

अशा सूचना देणारे ध्यानाचे ऑडिओ, ऑनलाइन वर्कशॉप आणि रंगीत पत्त्यांचे संच आता सहज मिळतात. शरीरातल्या सात चक्रांमध्ये सात प्राणी असतात, ध्यानात ते भेटतात आणि आपल्याबद्दल काहीतरी सांगतात, अशी यामागची कल्पना आहे. जाहिरातीत 'हजारो वर्षांची भारतीय विद्या' असे शब्द असतात. सोबत 'टोटेम' किंवा 'स्पिरिट ॲनिमल' हे शब्दही असतात, आणि ते भारतीय नाहीत.

मग हे नेमकं काय आहे? चक्रांमध्ये खरंच प्राणी सांगितले आहेत का? असतील तर कोणते? आणि असं ध्यान करून पाहायचं असेल तर काय माहीत असायला हवं?

थोडक्यात उत्तर

चक्रांमध्ये प्राणी आहेत, आणि ते जुन्या तांत्रिक ग्रंथांत नावानिशी सांगितले आहेत. पण ते तुमचे किंवा माझे वैयक्तिक प्राणी नाहीत. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि आकाश या पाच महाभूतांची ती वाहनं आहेत. 'माझ्या चक्रात माझा प्राणी' ही कल्पना विसाव्या शतकातली आहे आणि ती मानसोपचाराच्या वाटेने आली. टोटेम हा शब्द तिसरीकडून आला आहे. त्याचा मूळ अर्थ कुळाशी जोडलेला आहे.

म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी एका पाकिटात घालून विकल्या जातात. त्या सुट्या केल्या की प्रत्येकीचा अर्थ नीट लागतो. भिवंडी तालुक्यात तर या तिन्हींचे धागे सापडतात. ते कसे, ते पुढे पाहू.

चक्रांमधले मूळ प्राणी कोणते?

आज सर्वत्र दिसणारा चक्रांचा नकाशा मुख्यतः एका ग्रंथावरून आला आहे: 'षट्चक्रनिरूपण'. बंगालमधले तांत्रिक साधक पूर्णानंद यांनी तो १५७७ मध्ये लिहिला. कोलकाता उच्च न्यायालयातले न्यायाधीश सर जॉन वुड्रॉफ यांनी 'आर्थर ॲव्हलॉन' या टोपणनावाने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि १९१९ मध्ये 'द सर्पंट पॉवर' या पुस्तकात छापलं. तिथून हा नकाशा जगभर गेला.

या ग्रंथातल्या पहिल्या पाच चक्रांमध्ये प्रत्येकी एक महाभूत, एक बीजमंत्र आणि त्या बीजाचं वाहन असलेला एक प्राणी आहे:

- मूलाधार (पाठीच्या कण्याच्या तळाशी, चार पाकळ्या): पृथ्वी, बीज 'लं', वाहन हत्ती. हा इंद्राचा ऐरावत. अनेक चित्रांत त्याला सात सोंडा दाखवतात.
- स्वाधिष्ठान (जननेंद्रियाच्या पातळीवर, सहा पाकळ्या): पाणी, बीज 'वं', वाहन मकर. हा वरुणाचा जलचर. मगर आणि मासा यांच्या मिश्रणासारखा दिसणारा.
- मणिपूर (नाभीपाशी, दहा पाकळ्या): अग्नी, बीज 'रं', वाहन मेंढा.
- अनाहत (हृदयापाशी, बारा पाकळ्या): वायू, बीज 'यं', वाहन काळवीट.
- विशुद्ध (कंठापाशी, सोळा पाकळ्या): आकाश, बीज 'हं', वाहन पांढरा हत्ती.

भुवयांच्या मध्ये असलेल्या आज्ञाचक्रात आणि डोक्यावरच्या सहस्रारात अशा प्रकारे महाभूत वाहून नेणारा प्राणी नाही. तिथे पाच महाभूतं संपलेली असतात, त्यामुळे वाहनाचीही गरज उरत नाही. आज्ञाचक्रात गरुड आणि सहस्रारात फुलपाखरू असं एखाद्या पत्त्यावर दिसलं तर ती आधुनिक भर आहे असं समजायला हरकत नाही.

रंगांचंही तसंच. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा असा खालून वर जाणारा इंद्रधनुषी क्रम १९७०च्या दशकात पाश्चात्त्य लेखकांनी रूढ केला. पूर्णानंदांच्या ग्रंथात मणिपुराच्या पाकळ्या भरून आलेल्या ढगासारख्या गडद आहेत, पिवळ्या नाहीत.

आणखी एक गोष्ट. चक्रं सहा किंवा सातच, हेही सगळ्या परंपरांना मान्य नव्हतं. गोरखनाथांच्या नावावर असलेल्या 'सिद्धसिद्धान्तपद्धती'त नऊ चक्रं आहेत. बौद्धांच्या 'हेवज्रतंत्रा'त चार आहेत. गुरुपरंपरा बदलली की नकाशाही बदलत असे.

हे प्राणी तिथे करतात काय?

वाहन म्हणजे नेणारा. गणपतीचा उंदीर किंवा शंकराचा नंदी आपल्या ओळखीचे आहेत. चक्रांतले प्राणीही तसेच. हत्ती जड, स्थिर आणि भार पेलणारा, म्हणून पृथ्वीचा. मकर पाण्याचा. मेंढा हे पुराणांत अग्नीचंच वाहन. काळवीट वाऱ्याच्या वेगाचं, म्हणून वायूचं.

साधक या प्राण्याला प्रश्न विचारत नाही. तो महाभूत, बीजमंत्र, देवता आणि वाहन हे सगळं ठरलेल्या क्रमाने मनात उभं करतो. कुंडलिनी वर चढते तशी पृथ्वी पाण्यात विरते, पाणी अग्नीत, अग्नी वायूत आणि वायू आकाशात. याला लयक्रम म्हणतात. एकेक महाभूत मागे पडतं, त्याबरोबर त्याचा प्राणीही. प्राण्याची भेट घेणं हा तिथे हेतूच नाही, त्याला ओलांडून पुढे जाणं हा आहे.

यात साधकाच्या आवडीनिवडीला जागा नाही. मणिपुरात मेंढ्याऐवजी मला वाघ दिसला, असं म्हणायची सोय या पद्धतीत नाही.

ज्ञानेश्वरीतली सर्पिणी आणि गणेशपुरी

चक्रांशी जोडलेला सर्वांत प्रसिद्ध प्राणी मात्र या यादीत नाही. तो म्हणजे साप, अर्थात कुंडलिनी. मूलाधारात साडेतीन वेटोळे घालून ती निजलेली असते, असं वर्णन आहे.

मराठी वाचकाला ती बंगालच्या ग्रंथाच्या कितीतरी आधी भेटली. १२९० मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ज्ञानेश्वरांनी तिचं वर्णन कुंकवात न्हालेल्या नागाच्या पिल्लाच्या उपमेने केलं आहे. ती जागी होते ती भुकेलेली. शरीरातलं पृथ्वीतत्त्व आणि जलतत्त्व खाऊन ती तृप्त होते आणि मग वर निघते. विशेष म्हणजे मूळ भगवद्गीतेच्या त्या अध्यायात कुंडलिनीचा उल्लेख नाही. ज्ञानेश्वरांना ही विद्या नाथपंथातून मिळाली. मत्स्येंद्रनाथ, गोरखनाथ, गहिनीनाथ आणि निवृत्तीनाथ अशी ती परंपरा सांगितली जाते.

पण हाच ग्रंथ बाराव्या अध्यायात ही वाट किती कठीण आहे हेही सांगतो आणि भक्तीची वाट सोपी ठरवतो. वारकरी संप्रदायाने पुढे नामस्मरणावर भर दिला. त्यामुळे घरोघरी ज्ञानेश्वरी असूनही कुंडलिनी हा विषय महाराष्ट्रात मोजक्या साधकांपुरताच राहिला.

विसाव्या शतकात तो परत चर्चेत आला त्यात भिवंडी तालुक्याचा मोठा वाटा आहे. भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि गोदामं आठवतात. पण याच तालुक्यात तानसा नदीच्या काठी, गरम पाण्याच्या कुंडांजवळ गणेशपुरी आहे. भगवान नित्यानंद १९३६ मध्ये इथे स्थायिक झाले आणि ८ ऑगस्ट १९६१ रोजी इथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद (१९०८ ते १९८२) यांना १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांच्याकडून दीक्षा मिळाली. १९५६ मध्ये नित्यानंदांनी त्यांना गणेशपुरीजवळच गावदेवी इथे जागा दिली. तिथे आजचं गुरुदेव सिद्धपीठ उभं राहिलं. १९७० ते १९८१ या काळात मुक्तानंदांनी तीन वेळा जगप्रवास केला आणि 'कुंडलिनी' व 'शक्तिपात' हे शब्द अमेरिका-युरोपात पोचवले.

मुक्तानंदांच्या 'चित्शक्तिविलास' या आत्मकथनात प्राणी आहेत, पण वेगळ्या रूपात. दीक्षेनंतरच्या साधनेत आपलं शरीर आपोआप बेडकासारखं उड्या मारू लागलं, आपल्या तोंडून सिंहासारख्या गर्जना निघू लागल्या, असं त्यांनी लिहिलं आहे. अशा आपोआप होणाऱ्या हालचालींना त्या परंपरेत 'क्रिया' म्हणतात. इथे प्राणी डोळ्यांसमोर येत नाही, साधकाचं शरीरच काही काळ त्याच्यासारखं वागतं. मुक्तानंदांनाही आधी हे कळेना आणि आपल्याला वेड लागतंय की काय अशी भीती वाटली, हेही त्यांनी नोंदवलं आहे. पुढे काळजीच्या मुद्द्याकडे येताना ही नोंद लक्षात ठेवायला हवी.

मग 'माझा प्राणी' कधी आला?

१९३२ च्या शरद ऋतूत स्वित्झर्लंडमधल्या झ्यूरिक शहरात मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी कुंडलिनी योगावर चार व्याख्यानं दिली. त्यांच्यासमोर वुड्रॉफ यांचं पुस्तक होतं. त्यातल्या प्राण्यांकडे युंग यांनी मनाची चित्रं म्हणून पाहिलं. हत्ती म्हणजे माणसाला पेलून धरणारी, माणसाळलेली ताकद. मकर म्हणजे मनाच्या तळात दडलेला, गिळून टाकू शकणारा धोका. अनाहतातलं हरीण म्हणजे चटकन निसटणारं, जवळजवळ वजन नसलेलं काहीतरी. मूलाधारातला हत्ती कंठात पांढरा होऊन परत येतो, याकडेही त्यांनी लक्ष वेधलं.

इथे मोठा बदल झाला. महाभूतांचं वाहन असलेला प्राणी मनाचं प्रतीक झाला. पण यादी अजून ग्रंथातलीच होती.

पुढचं पाऊल अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिजिओ स्टीफन गॅलेगोस यांनी १९८०च्या दशकात टाकलं. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या आदिवासींचे उंच कोरीव खांब प्रसिद्ध आहेत. त्यांवर एकावर एक प्राणी कोरलेले असतात. शरीरातही एकावर एक चक्रं असतात. ही सारखी रचना पाहून त्यांनी एक पद्धत बसवली: प्रत्येक चक्राच्या जागी लक्ष न्यायचं आणि तिथून कुठलाही प्राणी कल्पनेत येऊ द्यायचा. त्यांनी तिला 'पर्सनल टोटेम पोल' असं नाव दिलं. आज इंटरनेटवर दिसणाऱ्या चक्र आणि प्राणी या जोडीची मुळं मोठ्या प्रमाणात इथे आहेत.

म्हणजे ही पद्धत जेमतेम चाळीस वर्षांची आहे. त्यामुळे ती वाईट ठरत नाही. पण 'ऋषीमुनींनी सांगितलेली' असं तिच्याबद्दल म्हणता येत नाही.

टोटेम म्हणजे काय? आपल्याकडे त्याला काय म्हणतात?

टोटेम हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स परिसरातल्या ओजिब्वे लोकांच्या 'डूडेम' या शब्दावरून आला. त्याचा अर्थ कूळ किंवा नातेसंबंध. क्रौंच, अस्वल, मासा अशी त्यांची कुळं असतात. कूळ जन्माने मिळतं, कुणी ते निवडत नाही.

१७९१ मध्ये जॉन लाँग या व्यापाऱ्याने आपल्या प्रवासवर्णनात हा शब्द इंग्रजीत छापला. तेव्हाच त्याने घोळ केला. प्रत्येक माणसावर लक्ष ठेवणारा त्याचा स्वतःचा संरक्षक आत्मा, असा अर्थ त्याने दिला. कुळाचं चिन्ह आणि वैयक्तिक संरक्षक या दोन वेगळ्या गोष्टी त्याने एक केल्या. 'माझा टोटेम प्राणी कोणता?' या आजच्या प्रश्नात तोच घोळ दोनशे वर्षांनी चालू आहे. कोरीव खांब तर ओजिब्वेंचे नव्हेतच. ते हैदा, ट्लिंगिट यांसारख्या वेगळ्या समाजांचे आहेत आणि त्यांवर घराण्यांचा इतिहास कोरलेला असतो.

मराठी माणसाला हे समजायला अवघड नाही, कारण आपल्याकडे देवक आहे. लग्नाआधी 'देवक बसवतात' ते हेच. कळंब, पंचपल्लव, मोराचं पीस, साळुंखीचं पीस अशी वेगवेगळ्या कुळांची देवकं असतात. आर. ई. एन्थोवेन यांनी १९२० ते १९२२ दरम्यान मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवर प्रसिद्ध केलेल्या तीन खंडांत अशा देवकांच्या नोंदी आहेत. देवकासोबत नियम येतात. ज्याचं देवक आहे ते झाड तोडायचं नाही, त्या पक्ष्याला इजा करायची नाही. एकच देवक असलेल्या कुळांत सोयरीक करायची नाही, असाही नियम पाळला जात असे.

भिवंडीसह ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत राहणाऱ्या वारली समाजाचं वाघोबाशी नातंही असंच आहे. रानाच्या कडेला लाकडी किंवा दगडी फळीवर वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात. दिवाळीच्या सुरुवातीला वाघबारशीला त्याची पूजा होते. रम्या नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास वाघोबा-स्थानांची नोंद आहे. या भागात आजही बिबटे वावरतात, त्यामुळे हा देव नुसता चित्रातला नाही. लोक त्याला मान देतात आणि त्याने गुराढोरांना व माणसांना सांभाळावं अशी अपेक्षा ठेवतात. मान द्यायला विसरलं तर तो कोपतो, असंही मानतात.

देवक असो, वाघोबा असो किंवा डूडेम, या तिन्ही ठिकाणी प्राणी माणसाकडून काहीतरी मागतो: नियम, मान, संयम. वर्कशॉपमधला टोटेम सहसा काही मागत नाही. तो तुम्हाला तुमच्याबद्दल चांगलं सांगतो आणि निघून जातो. उसना शब्द वापरताना हा फरक माहीत असलेला बरा.

प्रत्यक्षात हे ध्यान कसं करतात?

इतिहास समजून घेतल्यावरही अनेकांना हे करून पाहावंसं वाटेल. कल्पनाचित्रांवर आधारलेला मन शांत करण्याचा व्यायाम म्हणून त्याकडे पाहता येतं. साधारण पद्धत अशी असते:

१. शांत जागी बसा किंवा आडवे व्हा. काही मिनिटं नुसता श्वास पाहा आणि खांदे, जबडा, पोट सैल सोडा.

२. एका जागेकडे लक्ष न्या, उदाहरणार्थ छातीचा मध्य. तिथे काय जाणवतं ते आधी पाहा: जडपणा, ऊब, ताण किंवा काहीच नाही.

३. त्या जाणिवेतून एखादा प्राणी मनात येऊ द्या. जो पहिला येईल तो घ्या. गरुड हवा होता आणि घूस आली तरी घूसच.

४. तो कसा दिसतो, कुठे उभा आहे, थकलेला आहे की भुकेला, ते पाहा. त्याला काय हवंय असं विचारा आणि जे सुचेल ते ऐका.

५. त्याचे आभार मानून परत श्वासाकडे या. डोळे उघडल्यावर दोन-चार ओळी लिहून ठेवा.

गॅलेगोस यांच्या पद्धतीत पुढच्या टप्प्यावर सगळ्या चक्रांच्या प्राण्यांची सभा भरवतात. पोटातला प्राणी आणि गळ्यातला प्राणी एकमेकांशी काय बोलतात, ते पाहायचं. मनात राग दाटलेला असतो आणि तोंडातून शब्द फुटत नाही, अशा वेळी हा संवाद उपयोगी पडतो, अशी यामागची धारणा आहे.

काहींना प्राणीच दिसत नाही. अशांना 'तुमचं चक्र ब्लॉक आहे' असं सांगून पुढचा महागडा कोर्स गळ्यात मारला जातो. प्रत्यक्षात अनेक लोकांना मनात चित्रं पाहताच येत नाहीत. ॲडम झीमन या मेंदुविकारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याला 'अफँटेशिया' असं नाव दिलं. हा आजार नाही आणि दोषही नाही. अशा व्यक्तीला आवाजातून, स्पर्शातून किंवा नुसत्या श्वासावरच्या ध्यानातून तेवढीच शांतता मिळू शकते.

शरीरात चक्रं खरंच असतात का?

हा प्रश्न भारतात फार आधी विचारला गेला. आर्य समाजाचे संस्थापक स्वामी दयानंद सरस्वती यांनी आत्मकथनात एक प्रसंग सांगितला आहे. चक्रांची वर्णनं असलेले ग्रंथ त्यांच्याजवळ होते. गढमुक्तेश्वरजवळ गंगेतून एक प्रेत वाहत आलं. ते बाहेर ओढून त्यांनी चाकूने चिरलं आणि ग्रंथातल्या वर्णनाशी ताडून पाहिलं. काहीच जुळलं नाही. त्यांनी ते ग्रंथ प्रेताबरोबर नदीत सोडून दिले.

मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी उलट दिशेने प्रयत्न केला. १९२७ च्या 'द मिस्टीरियस कुंडलिनी' या पुस्तकात त्यांनी कुंडलिनी म्हणजे 'व्हेगस' ही मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी नस आहे, असं मांडलं. चक्रांच्या जागांपैकी काही ठिकाणी नसांची जाळी आहेत हे खरं. पण कमळ, बीज आणि हत्ती असलेला कोणताही अवयव शरीरशास्त्राला सापडलेला नाही.

मूळ ग्रंथ वाचले तर त्यांचा दावाही तसा नव्हता असं दिसतं. चक्र ही ध्यानात उभी करायची रचना आहे. नकाशातली रेघ जमिनीवर दिसत नाही, पण तिच्या आधाराने चालता येतं, तसं काहीसं.

शरीराच्या एका भागावर लक्ष ठेवणं, संथ श्वास आणि सुखद कल्पनाचित्रं यांनी अनेकांचा ताण हलका होतो. त्यासाठी मेंढा किंवा काळवीट खरं असण्याची गरज नसते.

कुठे थांबायचं?

ध्यान सगळ्यांसाठी आणि नेहमीच निर्धोक असतं, असं नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातले जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बौद्ध पद्धतींनी ध्यान करणाऱ्या पाश्चात्त्य साधकांशी त्यात मुलाखती होत्या. भीती, झोप उडणं, भास आणि शरीराच्या अनैच्छिक हालचाली असे अनुभव अनेकांनी सांगितले. मुक्तानंदांनी लिहिलेली भीती इथे आठवते. त्यांच्यामागे गुरू, आश्रम आणि तो अनुभव समजून घेणारी परंपरा होती. मोबाइलवरचा ऑडिओ ऐकून एकटीने किंवा एकट्याने ध्यान करणाऱ्यामागे यातलं काहीच नसतं.

आणि गुरू असला म्हणून सगळं सुरक्षित असंही नाही. मुक्तानंदांच्या निधनानंतर १९८३ मध्ये अमेरिकेतल्या 'कोइव्होल्यूशन क्वार्टर्ली' या नियतकालिकाने त्यांच्यावरचे लैंगिक गैरवर्तनाचे आरोप छापले होते. ध्यान शिकवणारी व्यक्ती कितीही मोठी असली, तरी एकांतातल्या सूचना, स्पर्श आणि गुप्ततेची अट यांबाबत 'नाही' म्हणायचा हक्क शिकणाऱ्याकडे राहायला हवा.

म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्यात:

- भास होणं, टोकाची मनःस्थिती किंवा जुन्या आघाताचा त्रास असेल, तर असं ध्यान सुरू करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोला. चालू असलेली औषधं बंद करू नका.
- ध्यानातला प्राणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतोय असं वाटलं, झोप उडाली किंवा भीती दिवसभर राहिली, तर ध्यान थांबवा आणि मदत घ्या. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते.
- 'चक्र उघडून' मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. जादुई उपचारांच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तर कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला आहे.
- शिकवणाऱ्याला विचारा: ही पद्धत कुठून आली? 'प्राचीन' एवढंच उत्तर मिळालं, तर पैसे भरण्याआधी आणखी चौकशी करा.

तर मग, कोणता प्राणी कुणाचा?

मूलाधारातला हत्ती पृथ्वीचा आहे. कुंडलिनीची सर्पिणी शक्तीचं रूप आहे. साळुंखीचं पीस कुळाचं आहे आणि वाघोबा गावाचा, रानाचा आहे. डोळे मिटल्यावर छातीपाशी येऊन बसलेली घूस तेवढी तुमची आहे. तिला प्राचीन ठरवायची गरज नाही. ती का आली असेल, एवढा विचार केला तरी त्या वीस मिनिटांचा उपयोग झाला.